एक्केचाळीस घंट्या

४ फेब्रुवारी

दादा,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. कागदावर काय नाही ते शोधण्यातच तुझं आयुष्य गेलं. नमस्कार मात्र करते, तू मोठा आहेस म्हणून. साष्टांग नाही. गुडघे ऐकत नाहीत.

अकरा वर्षांनी तुझा निरोप आला, तोही दुसऱ्याच्या तोंडून. तुझ्या प्रकाशनातल्या मुलीचा फोन होता. "मॅडम, सरांची एक जुनी कॅसेट तुमच्याकडे आहे, असं सर म्हणतात." मी विचारलं, "सरांचा घसा बसलाय का?" बिचारी गोंधळली. म्हणाली, "नाही, सर जरा गडबडीत असतात." असतील. निवृत्त माणसाइतकी गडबड कुणालाच नसते. मी निवृत्त आहे, मला ठाऊक आहे.

तिनं तुझ्या पुस्तकाची छापायच्या आधीची प्रत पाठवली, 'म्हणजे तुम्हाला कल्पना येईल' असं म्हणून. मला कल्पना! मंडळींची!

पुस्तकात तू त्या बँडचं पूर्ण जर्मन नाव लिहितोस, सगळे ठिपके देऊन. घरात आपण त्यांना 'मंडळी' म्हणायचो, कारण ते नाव उच्चारताना तुझी जीभ अडकायची. आठवतं? "आज मंडळी लावू या का?" आणि बाबा पेपरामागून विचारायचे, "कुणाची मंडळी?" तबकड्यांचीही नावं आपण मुखपृष्ठं बघून ठेवली होती. शिडी, खुर्ची, सुटकेस, धूर, कोबी. या पत्रात मी तीच वापरणार. तुला राग येत असेल तर येऊ दे.

नऊ तबकड्यांची तू क्रमवारी लावलीस. पहिली खुर्ची, दुसरी शिडी, आणि नववी, अगदी तळाला, कोबी. कोबीबद्दल तू लिहिलंस, 'ज्या कलावंतांनी रॉक संगीताची भाषा बदलली, त्यांनी इथे शरणागती पत्करली.' कसली शरणागती? त्यात गाणारा मध्येच हसतो आणि त्याचा सूर चुकतो, एवढंच ना? माझ्या यादीत कोबी दुसरी आहे. आठ तबकड्यांमध्ये ती माणसं काहीतरी सिद्ध करत होती. या एकीत ती जेवूनखाऊन बसलेली आहेत. मी कोबीवर तीस वर्षं इस्त्री केली आहे. खुर्चीवर इस्त्री करून बघ, शर्ट जळतो.

पण माझं डोकं क्रमवारीनं नाही तापलं, तुझ्या प्रस्तावनेनं तापलं. 'मी एकवीस वर्षांचा असताना एका मित्रानं मला त्यांची पहिली तबकडी दिली, आणि पुढची कित्येक वर्षं मी हे संगीत एकटा ऐकत राहिलो.'

मित्रानं?

टायपिंग शिकवणाऱ्या जर्मन सिस्टरला तिच्या भाच्यानं शिडी पाठवली. तिनं पाच मिनिटं ऐकली, छातीवर क्रॉस केला आणि मला दिली. म्हणाली, "ह्याचा ठेका सरळ आहे, घड्याळासारखा. ह्याच्यावर टाइप कर, हात बसेल." एरवी आम्हाला ती लष्करी बँडच्या रेकॉर्डवर टाइप करायला लावायची, अक्षरं दिसू नयेत म्हणून कळफलकावर फडकं टाकून. शिडी दप्तरात घालून घरी आणली ती मी. बाबांनी रेकॉर्ड प्लेअर तुझ्या खोलीत ठेवला होता, म्हणून ती तुझी झाली.

आणि एकटा? आपल्या दोन खोल्यांमध्ये प्लायवूडचा पडदा होता, दादा. त्या घरात कुणी एकटं शिंकूसुद्धा शकत नव्हतं.

कॅसेट माझ्याकडे नाही. त्या मुलीला तसं कळवलं आहे.

तुझी बहीण
(पुस्तकात नसलेली)


१३ फेब्रुवारी

दादा,

कॅसेट माझ्याकडे आहे.

खोटं बोलले. कॉन्व्हेंटच्या संस्कारांमुळे नऊ दिवस झोप नीट लागली नाही, म्हणून आता खरं सांगते. शिवणाच्या डब्यात आहे, बटणांच्या खाली. वर तुझं अक्षर, 'खुर्ची, दोन्ही बाजू. हात लावू नये.'

तुझ्या पुस्तकात खुर्चीवर एकवीस पानं आहेत. तू लिहितोस की तू ऐकलेली खुर्ची आणि बाजारात मिळणारी खुर्ची वेगळ्या आहेत. तुझ्या कॅसेटवर दुसऱ्या बाजूला ड्रमच्या प्रत्येक ठोक्यावर एक कोरडा, धातूचा आघात आहे, तो नंतरच्या कुठल्याच आवृत्तीत नाही. म्हणून तुझा सिद्धांत असा, की पहिल्या काही प्रती वेगळ्या मिश्रणाच्या निघाल्या आणि मंडळींनी त्या गुपचूप मागे घेतल्या. परदेशातले लोकसुद्धा ती प्रत शोधतात म्हणे. तिशी ओलांडलेला एक माणूस तिच्यासाठी तीन देश फिरला, असं तळटिपेत आहे. त्याची तर मला फारच दया आली.

तुझ्याच शब्दांत, पान एकशे बारा: 'हे आघात यंत्रयुगाचे हृदय आहेत. मधूनमधून एक लहानशी घंटा वाजते. मी मोजल्या आहेत, एक्केचाळीस. तिच्यामागोमाग एक दीर्घ खरखर. आणि शेवटाकडे सगळे आघात अचानक थांबतात, फक्त ड्रम उरतो. रॉक संगीतातली ही सर्वांत धाडसी शांतता आहे.'

आता बस. बसलास?

आमच्या खाली घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहतात. माझा टेपरेकॉर्डर वीस वर्षं मुका होता. त्यांनी त्यात नवा पट्टा घातला आणि म्हणाले, "बाई, एखादी कॅसेट लावून बघा, वेग बरोबर आहे का." हाताशी हीच होती. दुसरी बाजू लावली. त्यांनी मान तिरकी केली, अर्धं मिनिट ऐकलं आणि म्हणाले, "वेग बरोबर आहे. पण हे टायपिंग कोण करतंय?"

अर्धं मिनिट, दादा. तुला पंचेचाळीस वर्षं पुरली नाहीत.

खुर्ची सिस्टरनं दोन दिवसांच्या बोलीवर दिली होती. तुझ्याकडे जोडायची वायर नव्हती. तू टेपरेकॉर्डर स्पीकरसमोर स्टुलावर ठेवलास आणि तुला प्रॅक्टिकलला जायचं होतं म्हणून मला बजावलंस, "बाजू उलट, बटण दाब, बाकी काही करू नकोस." ती पेटी वायरनं नाही तर कानानं ऐकते, हे मला कुठं ठाऊक? पहिली बाजू झाली. दुसरी लावली. तीन दिवसांवर परीक्षा होती, ठेका घड्याळासारखा होता, आणि पडद्याच्या अलीकडे बाबांच्या ऑफिसातून आणलेलं जुनं मशीन उघडंच होतं. मी फडकं टाकलं आणि सुरू केलं. एका ठोक्याला एक अक्षर.

तुझ्या यंत्रयुगाच्या हृदयाचा मजकूर मला अजून पाठ आहे. 'महोदय, आपल्या सात तारखेच्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की, मागणी केलेल्या लोखंडी कपाटांपैकी चार कपाटे रवाना करण्यात आली आहेत.' हेच पुन्हा पुन्हा. घंटा वाजते ती ओळ संपताना. खरखर होते ती मशीनची गाडी मागे ढकलताना. एक्केचाळीस घंट्या म्हणजे एक्केचाळीस ओळी. परीक्षेत मी पास झाले, तुला आठवत नसेल.

आणि ती सर्वांत धाडसी शांतता म्हणजे दूध. उतू गेलं होतं. मी धावले.

संध्याकाळी तू कानाला हेडफोन लावून ऐकलंस. मी पडद्याआड उभी होते, ओरडा खायची तयारी करून. तू हेडफोन काढलेस, तुझे डोळे भरले होते. म्हणालास, "ए, हे काय आहे गं! असं कुणी कधी केलंच नसेल!" मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण मी केलेल्या कुठल्याही गोष्टीकडे त्या घरात कुणी तसं पाहिलं नव्हतं. मला ते थोडा वेळ राहू द्यावंसं वाटलं.

थोडा वेळ फारच लांबला, एवढाच माझा गुन्हा.

आता माझं म्हणणं ऐक. कॅसेट प्रकाशनाला देणार नाही. त्या मुलीला काल तसं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, कॅसेटशिवाय सरांचा पहिला नंबरच उभा राहत नाही." मी म्हटलं, "मग सरांना येऊन उभं राहू दे." कॅसेट हवी असेल तर तू ये. माझ्या टेबलाशी बस, माझ्यासमोर ऐक, आणि 'मित्रानं' हा शब्द माझ्यादेखत खोड. पेन मी देईन.

बहीण


२४ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनी पाच शब्द. 'कॅसेट माझी आहे. पाठवून दे.'

माझ्या दोन पत्रांतलं एवढंच वाचलंस? की वाचून तोंडात मारल्यासारखं झालं? मला वाटतं दुसरं. तुझं 'पाठवून' मधलं ठ फुटलंय. लहानपणी खोटं बोललास की असाच पेन दाबायचास.

माझं उत्तर नाही असं आहे. रिकामी कॅसेट तुझी असेल, तिच्यावर जे वाजतं ते माझं आहे. बत्तीस वर्षं पाणीखात्यात दुसऱ्यांची पत्रं टाइप केली, खाली सही त्यांची. हे एकच काम माझं आहे, आणि तेही तू मंडळींच्या नावावर लावलंस.

पण मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. हे पत्र लिहायला घेतलं ते भांडायला, आणि आता बघते तर कबुलीजबाब होतोय.

तू माझ्याकडे ठेवलेल्या आठ तबकड्या पाण्यानं खराब झाल्या नाहीत. पाइप फुटला नव्हता. पाणीखात्यातल्या बाईनं पाइप फुटल्याची थाप मारावी आणि तू विश्वास ठेवावास, याचं मला तेव्हाही आश्चर्य वाटलं होतं. त्या मी कॉन्व्हेंटला देऊन टाकल्या. टायपिंगच्या वर्गाला. आई जाऊन तेरा दिवस झाले होते. तू तिच्या शेवटच्या आठवड्यात जर्मनीत होतास, मंडळींचा शेवटचा कार्यक्रम ऐकायला. पाच म्हातारे स्टेजवर, आणि इथे आई. मला तू जे जपतोस ते मोडायचं होतं. मोडता आलं नाही, म्हणून देऊन टाकलं.

आणि हेही लिहून टाकते, नाहीतर हात थांबेल. निघायच्या आधी तू फोन केला होतास. विचारलं होतंस, "निघू का? की थांबू?" मी म्हटलं, "जा, तिला बरं आहे." बरं नव्हतं. आई माझ्या मनगटाला धरून मान हलवत होती, 'जाऊ दे त्याला' अशी. तिनं सांगितलं म्हणून मी म्हटलं, आणि मग तू खरंच गेलास म्हणून तुला माफ केलं नाही. सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले, "दादाला गाणं मोठं झालं." तू ऐकून घेतलंस. एकदाही म्हणाला नाहीस की हिनंच पाठवलं. त्यानंतर तबकड्या पाण्यात गेल्याचं तुला कळवलं आणि तू बोलणं टाकलंस. आता मला वाटतं, तबकड्या हे निमित्त होतं.

मागच्या आठवड्यात कॉन्व्हेंटमध्ये जाऊन आले. वर्गात आता संगणक आहेत, तरी कळफलकावर फडकं तसंच टाकतात. कपाटात तुझ्या आठही तबकड्या आहेत. कोबी पार झिजली आहे, मुलींना तीच आवडते. आणि बाजूला खुर्ची होती. सिस्टरची, जिच्यावरून आपण टेप केलं तीच. तुझी ती जगभर शोधलेली पहिली प्रत एवढी वर्षं माझ्या शाळेच्या कपाटात होती. मी वर्गात ऐकली, पूर्ण. चांगली आहे. स्वच्छ आहे. पण मध्ये माणूसच नाही. रिकाम्या घरातून फिरल्यासारखं वाटलं.

घरी आले आणि लगेच कॅसेट लावली, शेवटपर्यंत. एवढ्या वर्षांत मीही शेवटची तीन मिनिटं कधी ऐकली नव्हती. दूध आलं की मी शरमेनं बंद करायची.

पान एकशे चौदा काढ. 'शांततेनंतर आघात परततात, आणि त्यांच्या मागे, फार दूर, एक अनाम स्त्री गुणगुणते. बहुधा गायकाची मैत्रीण. ती सुराच्या किंचित खाली आहे, पण तिला त्याची पर्वा नाही.'

दूध उतू गेल्यावर आई आत आली होती. मला रागवणार होती, पण तू रेकॉर्डिंग चालू असताना कुणी बोलायचं नाही असा हुकूम सोडून गेला होतास, म्हणून तिनं नुसती बोटानं दम दिला. मग माझ्या खाटेवर बसून कपड्यांच्या घड्या घालायला लागली. मी टाइप करत राहिले. तिकडे मंडळी तोच एक ठेका धरून बसली होती. थोड्या वेळानं आई बोलायचं नाही हे विसरली, किंवा गुणगुणणं म्हणजे बोलणं नव्हे असं तिला वाटलं असेल.

ती गायकाची मैत्रीण नाही, दादा.

सुराच्या किंचित खाली. तुला हेही ऐकू आलं, फक्त कोण ते कळलं नाही. मी तरी काय, तिच्यासमोर बसून टाइप करत होते आणि मलाही लक्षात राहिलं नाही. आपल्याकडे तिचे फोटो सहा आहेत. आवाज एवढाच.

म्हणून आता तर मुळीच पाठवणार नाही. पोस्टाच्या पिशवीत आई घालणार नाही मी. तुझं पुस्तक अडलं तर अडू दे. लोक हसतील म्हणून घाबरला असशील तर घाबर. मी पंचेचाळीस वर्षं कुणी ओळखत नसताना जगले, तू चार दिवस लोक हसताना जगून बघ. इथे येऊन ऐकायचं असेल तर दार उघडं आहे. नसेल तर कॅसेट परत बटणांच्या खाली.

माझी क्रमवारी सोबत जोडली आहे. टाइप केलेली. दुसऱ्या क्रमांकापासून आहे. पहिला रिकामा ठेवलाय, तो समोर बसून लिहू.

बहीण


५ मार्च

प्रिय दादा,

हे पत्र तुला मिळेपर्यंत तू कदाचित इथेच असशील. तरी लिहिते, कारण जे घडलं ते कागदावर असायला हवं. तुझ्या पुढच्या प्रस्तावनेला उपयोगी पडेल.

काल सकाळी अकराला फोन वाजला. मी "हॅलो" म्हटलं, पलीकडून काही नाही. पण तुझं नाक लहानपणापासून वाजतं. मी दुसऱ्यांदा "हॅलो" म्हटलं नाही. तुझी खुशामत करायची नाही, असं मी ठरवलं होतं.

"बोलायचं नसेल तर ऐक," एवढंच म्हटलं आणि रिसीव्हर टेबलावर ठेवला. जुनं मशीन खिडकीपाशी असतं, अजून चालतं, फक्त रिबन फिकी झाली आहे. मी चष्मा काढला, कळफलकावर फडकं टाकलं. मंडळी लावली नाहीत. ठेका माझ्या बोटांत आहे. महोदय, आपल्या सात तारखेच्या पत्रास अनुसरून. पहिली घंटा वाजली. गाडी ढकलली. दुसरी वाजली. अंगठा दुखायला लागला तरी थांबले नाही. चार लोखंडी कपाटं पुन्हा एकदा रवाना केली. सातव्या की आठव्या ओळीला टेबलावरून काहीतरी आवाज यायला लागला. आधी वाटलं तू हसतोयस. मग वाटलं नाही. मग पुन्हा वाटलं, हसतोयस.

मी थांबले. रिसीव्हर कानाला लावला.

तू म्हणालास, "दूध बघ."

गॅसवर काहीही नव्हतं, दादा. मी सकाळीच दूध तापवून झाकून ठेवलं होतं. तरी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन पाहून आले. तेवढ्यात तू फोन ठेवशील अशी धाकधूक होती.

परत आले. तू होतास. "बघितलं," मी म्हटलं.

"मग थांबलीस कशाला?" तू विचारलंस. "अजून तेहतीस घंट्या राहिल्यात."